मदरबोर्डचा सातबारा : ‘एमपीएस १.१ की १.४’ ही भानगड काय आहे?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुना पीसी खाली उतरला. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेला, पेंटियम ४ च्या काळातला. भंगारात टाकण्याआधी चालतो का बघू म्हणून प्लग लावला, तर पंख्याने घरघर करून हजेरी दिली आणि पडद्यावर तक्रार उमटली : सीमॉसची चेकसम चुकली आहे, पुढे जायला एफ-१ दाबा. म्हणजे बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी गेली. नवी सीआर-२०३२ घातली आणि तारीख-वेळ भरायला बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताच सर्वात आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये, शिरलो.

तिथे ‘अ‍ॅडव्हान्स्ड बायोस फीचर्स’च्या पानावर, फ्लॉपी आणि नमलॉकच्या शेजारी, एक जुना परिचित बसला होता : ‘एमपीएस व्हर्जन कंट्रोल फॉर ओएस’. पर्याय दोनच, १.१ आणि १.४. काही बोर्डांवर हीच ओळ ‘एमपीएस रिव्हिजन’ नावाने असते. बाजूच्या मदतीच्या चौकटीत बहुधा काही नसतं, आणि असलंच तर तेच नाव पुन्हा उलटसुलट करून लिहिलेलं.

कॉलेजात असताना मी ही सेटिंग १.१ वरून १.४ केली होती. कारण एवढंच की १.४ मोठा आकडा आहे. मोठा आकडा म्हणजे मशीन जोरात पळणार. काहीच झालं नाही. मग परत १.१ केली. तेव्हाही काही झालं नाही. त्या वयात ‘काहीच होत नाही’ हे उत्तर पटत नाही, म्हणून आपल्यालाच काहीतरी कळलेलं नाही असं धरून मी गप्प बसलो. ते अर्धं खरं होतं.

आधी नावाची फोड करू. एमपीएस म्हणजे मल्टिप्रोसेसर स्पेसिफिकेशन, इंटेलने लिहिलेलं एक नियमपत्रक. बोर्डावर एकाहून जास्त प्रोसेसर असतील तर त्यांची माहिती ऑपरेटिंग सिस्टीमला कोणत्या नमुन्यात द्यायची, ते त्यात सांगितलं आहे. १.१ आणि १.४ या त्याच्या दोन आवृत्त्या. सेटिंग फक्त एवढं विचारते : माहितीचा कागद जुन्या नमुन्यात भरून देऊ की नव्या? ती प्रोसेसर चालू-बंद करत नाही, त्यांचा वेगही बदलत नाही.

पण असा कागद लागतोच कशाला? विंडोज किंवा लिनक्सला स्वतः डोळे उघडून बोर्डावर किती प्रोसेसर आहेत ते मोजता येत नाही का?

नाही येत. आणि या सेटिंगचं सगळं मूळ इथेच आहे.

दोन प्रोसेसरच्या पीसीचं बटण दाबलं की दोघांपैकी एकच कामाला लागतो. तो बूट प्रोसेसर. दुसरा पहिल्याकडून हाक येईपर्यंत झोपून असतो. बायोस चालतं ते पहिल्यावर, विंडोज लोड होतं ते पहिल्यावर, आणि विंडोजच्या दृष्टीने त्या क्षणी जगात तो एकटाच असतो. दुसऱ्याला उठवायचं तर आधी तो आहे हे माहीत हवं, त्याचा क्रमांक माहीत हवा. मग त्या क्रमांकाला एक ठरावीक संदेश पाठवायचा (‘सगळं विसरून नव्याने सुरुवात कर’), १० मिलिसेकंद थांबायचं आणि मग ‘मेमरीतल्या अमुक ठिकाणापासून काम सुरू कर’ असा दुसरा संदेश द्यायचा. हा दुसरा संदेश दोनदा पाठवायचा अशीही सूचना त्या पत्रकात आहे. गाढ झोपलेल्या माणसाला आपणही एकाच हाकेवर सोडत नाही.

म्हणजे क्रमांक हवा. तो कोणाला माहीत असतो? बोर्ड बनवणाऱ्याला. आणि बोर्ड बनवणाऱ्याचा बोर्डावरचा प्रतिनिधी म्हणजे बायोस.

मला इथे सातबारा आठवतो. जमीन विकत घेणारा पुण्यात किंवा मुंबईत बसलेला असतो. शेत किती, कोणाच्या नावावर, विहीर कोणाची, हे तो गट नंबरात फिरून ठरवत नाही; उतारा काढतो आणि त्यावर विसंबतो. बायोस हा तलाठी. मशीन सुरू होताच तो उतारा लिहून मेमरीत ठेवतो. ऑपरेटिंग सिस्टीम येते, उतारा शोधते, वाचते आणि त्यावरून कारभार सुरू करते. उताऱ्यात चूक असेल तर कारभारही चुकीचा. हे ज्याने जमिनीचा व्यवहार केला आहे त्याला वेगळं समजवायला नको.

१९९४ च्या आधी हा उतारा सगळ्यांचा वेगवेगळा होता, किंबहुना नव्हताच. कॉम्पॅकने १९८९ मध्ये सिस्टमप्रो नावाचा दोन प्रोसेसरचा सर्व्हर आणला. कोरोलरी नावाच्या कंपनीची स्वतःची सी-बस नावाची रचना होती. आणखीही काही कंपन्या होत्या आणि प्रत्येकीची दुसरा प्रोसेसर उठवण्याची रीत निराळी. मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये विंडोज एनटी काढलं तेव्हा हा घोळ त्यांनी हॅल नावाच्या थराने झाकला. हॅल म्हणजे हार्डवेअर आणि विंडोजच्या मधला दुभाषा. सिस्टमप्रोसाठी एक दुभाषा, सी-बससाठी दुसरा, साध्या पीसीसाठी तिसरा. नवा बोर्ड बाजारात आला की नवा दुभाषा लिहा. मोठ्या कंपनीला हे परवडतं. पण तैवानमधल्या बोर्ड बनवणाऱ्याने दोन सॉकेटचा स्वस्त बोर्ड काढला तर त्याच्यासाठी दुभाषा कोण लिहिणार?

इंटेलला मात्र नेमकं तेच हवं होतं. दोन-दोन प्रोसेसर लावणारे बोर्ड जितके सोपे, तितके प्रोसेसर जास्त खपणार. ऑक्टोबर १९९३ मध्ये त्यांनी या पत्रकाचा कच्चा खर्डा फिरवला. एप्रिल १९९४ मध्ये १.१ आवृत्ती आली. त्याच वर्षी मार्चमध्ये जो नवा पेंटियम बाजारात आला होता, त्याच्या पोटात एक छोटा भाग बसवलेला होता. त्याच्याशिवाय हे पत्रक निव्वळ कागद राहिलं असतं. त्या भागाचं नाव एपिक. इथे जरा रेंगाळावं लागेल, कारण उताऱ्यात प्रोसेसरांची यादी थोडी आणि एपिकच्या तारांचा हिशेबच फार आहे.

कीबोर्डवर तुम्ही ‘क’ दाबलात. प्रोसेसर तेव्हा दुसऱ्याच कामात आहे. त्याचं लक्ष वेधायला बोर्ड एका तारेवर इशारा देतो, त्याला इंटरप्ट म्हणतात. घरच्या बेलसारखंच : हातातलं काम जागच्या जागी ठेवा, दार उघडा, परत येऊन काम पुढे चालू करा. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत या बेला सांभाळायला ८२५९ नावाची एक चिप होती, तिला आठ तारा. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये अशा दोन चिपा एकीला एक जोडून लावल्या. सोळापैकी एक तार त्या जोडणीतच खर्ची पडली, उरल्या १५. घड्याळाला ०, कीबोर्डला १, फ्लॉपीला ६, पीएस-टू माउसला १२, हार्डडिस्कला १४ आणि १५. या तारांच्या क्रमांकाला आयआरक्यू म्हणतात. ज्यांनी साउंड कार्ड लावताना ‘आयआरक्यू ५ की ७’ यावर रात्र घालवली आहे त्यांना या पंधरा तारांची टंचाई तोंडपाठ असेल.

टंचाई हा एक भाग. त्याहून मोठी अडचण अशी की ८२५९ च्या बाहेर निघणारी तार एकच, आणि ती एकाच प्रोसेसरला जाते. दुसरा प्रोसेसर लावला तरी सगळ्या बेला पहिल्याच्याच घरी वाजणार. शिवाय पहिल्याला दुसऱ्याला हाक मारायची असेल तर त्याचीही सोय नाही.

एपिकने दोन्ही गोष्टी सोडवल्या. प्रत्येक प्रोसेसरच्या आत एक लोकल एपिक, म्हणजे प्रत्येकाच्या दारावर स्वतःची बेल आणि स्वतःचा क्रमांक. आणि बोर्डावर एक आयओ-एपिक, म्हणजे सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार. कोण आलं आहे ते बघून तो ठरवतो की हे पार्सल कोणत्या फ्लॅटला पाठवायचं. इंटेलच्या प्रसिद्ध आयओ-एपिक चिपला २४ तारा होत्या. पंधराच्या जागी चोवीस. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता फाटकावर चोवीस तारा आल्या, पण त्यातली कोणती तार कुठून आली आहे? तिसऱ्या पीसीआय स्लॉटची (म्हणजे कार्ड खोचायच्या खाचेची) पहिली इंटरप्ट रेषा आयओ-एपिकच्या १८ व्या पायाला जोडली आहे की १९ व्या? हे बोर्डाचा नकाशा काढणारा इंजिनियर ठरवतो, आणि सॉफ्टवेअरला ते पाहून कळण्याचा कोणताही मार्ग नाही. तांब्याची रेघ कुठून कुठे गेली आहे ते चिपला विचारता येत नाही. म्हणून हाही तपशील उताऱ्यात.

तर तो उतारा प्रत्यक्ष दिसतो कसा, ते बघू. मला यातला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण इतका आटोपशीर दस्तऐवज आजकाल बघायला मिळत नाही.

ऑपरेटिंग सिस्टीम आधी मेमरीच्या दोन-तीन ठरावीक कोपऱ्यांत एक खूण शोधते : अंडरस्कोर, एम, पी, अंडरस्कोर. हे कोपरे सगळे पहिल्या एक मेगाबाइटच्या आत, डॉसच्या काळापासून बायोससाठी राखलेल्या वस्तीतले. खूण सापडली की तिथे १६ बाइटांची एक चिठ्ठी असते. चिठ्ठीत मुख्य तक्ता कुठे आहे त्याचा पत्ता असतो. आणि चिठ्ठीतला एक बाइट आवृत्ती सांगतो : त्यात १ असेल तर १.१, ४ असेल तर १.४. माळ्यावरच्या मशीनच्या निळ्या पडद्यावर आपण जे बदलतो, ते सरतेशेवटी या बाइटपर्यंत पोचतं.

तक्त्याच्या माथ्यावर ‘पीसीएमपी’ अशी चार अक्षरं, ४४ बाइटांचा मथळा आणि खाली नोंदी. नोंदी पाच प्रकारच्या. प्रोसेसरची नोंद २० बाइटांची : त्याच्या लोकल एपिकचा क्रमांक काय, तो चालू आहे का, बूट प्रोसेसर तोच का, त्याची जात-कूळ काय. बाकीच्या सगळ्या आठ-आठ बाइटांच्या. बोर्डावर कोणत्या बस (उपकरणं जोडणारे तारांचे सामायिक रस्ते) आहेत, आयओ-एपिक किती आणि कुठे, आणि मग इंटरप्टांच्या नोंदी, एका तारेला एक ओळ. ‘पीसीआय बस ०, उपकरण ११, रेषा पहिली : आयओ-एपिक २, पाय १८.’ अशा पंधरा-वीस-तीस ओळी. सगळे बाइट बेरजेला घेतले की खालचा बाइट शून्य यायला हवा, नाहीतर उतारा बाद.

साध्यासुध्या बोर्डांसाठी आणखी एक पळवाट होती. तक्ताच लिहू नका, चिठ्ठीतल्या एका बाइटात १ ते ७ पैकी एक आकडा टाका. सात ठरीव मांडण्या पत्रकातच छापलेल्या होत्या. छापील फॉर्मवर फक्त टिकमार्क करायचा, तसं.

मग १.४ मध्ये नवीन काय आलं? जुलै १९९५ मध्ये ती आवृत्ती निघाली, आणि तिचं कारण पीसीआय होतं.

पीसीआय बसवर विजेच्या हिशेबाने मर्यादित भार झेपतो. साधारण चार-पाच स्लॉट झाले की बस भरली. सर्व्हरला तेवढ्यावर भागत नाही. मग पूल टाकून दुसरी बस काढतात, कधी तिसरी. घरच्या पीसीतही पुढे हे आलंच. एजीपी ग्राफिक्स कार्ड सॉफ्टवेअरला पुलापलीकडच्या बसवर बसलेलं दिसतं. आता प्रश्न असे पडतात : कोणती बस कोणाच्या पोटी? मेमरीच्या पत्त्यांचा कोणता पट्टा कोणत्या बसकडे जातो? १.१ च्या नमुन्यात हे लिहायला रकानाच नव्हता. १.४ ने मूळ तक्ता तसाच ठेवला आणि त्याच्या शेपटीला एक पुरवणी जोडली. तिच्यात तीन नवे नोंद-प्रकार, क्रमांक १२८, १२९ आणि १३०. पहिला पत्त्यांच्या पट्ट्यांसाठी, दुसरा बसच्या वंशावळीसाठी, तिसरा पीसीआयच्या आधीच्या, जुन्या आयएसए बसच्या पद्धतीच्या पत्त्यांची तजवीज करण्यासाठी.

मूळ पाच प्रकारांचे क्रमांक ० ते ४; त्यापुढे पाच न टाकता १२८ ला उडी का मारली, हे लक्षात येण्याजोगं आहे. पुरवणी मूळ तक्त्याच्या लांबीतही धरलेली नाही. तिची लांबी मथळ्यात वेगळी नोंदवतात. म्हणजे जो जुना वाचणारा १.१ शिकून आला आहे तो आपला पाच प्रकारांपर्यंत वाचेल, लांबी संपली की थांबेल, आणि शेपटी त्याच्या डोळ्यांना दिसणारही नाही. नवा रकाना जोडताना जुन्या वाचकाला ठेच लागू नये याची अशी काळजी घेणारे लोक होते, याचं मला कौतुक आहे.

पण मग प्रश्न पडतो, इतकी काळजी घेतली होती तर सेटिंग द्यायची गरज काय? बायोसने सरळ १.४ लिहावं की! गरज त्या एका बाइटामुळे. विंडोज एनटी ३.५१ मे १९९५ मध्ये बाहेर पडलं, म्हणजे १.४ छापून येण्याच्या थोडं आधी. अशा वेळी आवृत्तीच्या बाइटात ४ बघून एखादी जुनी प्रणाली बिचकली तर मशीन सुरूच व्हायचं नाही. बोर्डवाल्यांनी म्हणून दोन्ही दारं उघडी ठेवली. पुढे तो जुना ग्राहक गेला, सॉफ्टवेअर गेलं, पण मेनूतली ओळ एका बायोसमधून दुसऱ्यात उतरत राहिली. मेनूतून ओळ काढायला कोणीतरी जबाबदारी घ्यावी लागते, ठेवायला कोणाचीच लागत नाही.

मेनूत आपल्याला आणखी एक गोष्ट खटकते. माझ्या मशीनला प्रोसेसर एकच, दुसरं सॉकेट बोर्डावर नाहीच. मग मल्टिप्रोसेसरची सेटिंग इथे काय करते?

त्याचं उत्तर त्या चोवीस तारांत आहे. एकच प्रोसेसर असला तरी आयओ-एपिक वापरला की पंधराऐवजी चोवीस इंटरप्ट मिळतात. यूएसबी, नेटवर्क, साउंड सगळे बोर्डावरच आल्यावर पंधरा तारांत चेंगराचेंगरी होऊ लागली, म्हणून एक प्रोसेसरवाले बोर्डही आयओ-एपिक वापरू लागले. आणि आयओ-एपिक वापरायचा तर त्याच्या तारांचा उतारा हवाच. विंडोज एक्सपीच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कधी १६, १८, २३ असे आयआरक्यू पाहिले असतील, तर ते हेच. मल्टिप्रोसेसर हे नाव राहिलं, पण एका प्रोसेसरच्या घरातही कामाला तोच उतारा आला.

एवढं सगळं खरं असूनही माझ्या १.१-१.४ खेळाने विंडोज एक्सपीवर काही का झालं नाही, ते सांगायचं राहिलं. कारण एक्सपीने तो उतारा वाचलाच नव्हता.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय नावाचं दुसरं पत्रक काढलं. मूळ हेतू वीज वाचवण्याचा, लॅपटॉप झोपवण्या-उठवण्याचा. पण त्यात बोर्डाची जवळजवळ सगळीच माहिती आली आणि प्रोसेसर व एपिकची यादीही आली. त्या यादीच्या तक्त्याला नाव दिलं एमएडीटी, आणि त्याच्या माथ्यावरची चार अक्षरं मात्र ‘एपिक’. एसीपीआयच्या आत एपिक : इंग्रजीत ही चारच अक्षरं इकडची तिकडे होतात, आणि बायोसच्या मेनूत दोन्ही सेटिंगा पुष्कळदा शेजारी-शेजारी असतात. भल्याभल्यांनी चुकीची बदलली आहे. मीही.

विंडोज २००० पासून जिथे चांगलं एसीपीआय मिळेल तिथे विंडोज तेच घेतं आणि जुना उतारा बघत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कॉम्प्युटर’ या नावाखाली ‘एसीपीआय मल्टिप्रोसेसर पीसी’ असं दिसत असेल तर एमपीएसची सेटिंग तुमच्यासाठी शोभेची. ‘एमपीएस मल्टिप्रोसेसर पीसी’ किंवा ‘एमपीएस युनिप्रोसेसर पीसी’ दिसत असेल तर ती खरोखर वापरात आहे. विंडोज व्हिस्टाला तर एसीपीआयशिवाय चालतच नाही. तिथून पुढच्या सगळ्या विंडोजसाठी हा विषय संपला.

एक बदल एमपीएसला जमलाही नसता. २००२ च्या नोव्हेंबरात ३.०६ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ हायपरथ्रेडिंग घेऊन आला : एक प्रोसेसर, पण सॉफ्टवेअरला दोन दिसणारा. जुन्या उताऱ्यात खरे, अंगापिंडाचे प्रोसेसरच लिहायचे आणि हे भासमान जुळे फक्त एसीपीआयच्या तक्त्यात नोंदवायचे असं ठरलं. लिनक्समध्ये काही काळ एक खास पर्याय होता, बाकी एसीपीआय नको, फक्त डोकी मोजण्यापुरतं वापर. नंतर प्रोसेसरांचे क्रमांक एका बाइटात मावेनासे झाले, तेव्हा तर जुन्या नमुन्याची वहीच भरली.

ज्या काळात या सेटिंगला अर्थ होता त्याची आठवण म्हणून एका बोर्डाचं नाव घ्यायलाच हवं : तैवानच्या अबिटचा बीपी-६, साल १९९९. सेलेरॉन हा इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर, जोडीने वापरण्यासाठी विकलाच जात नव्हता. अबिटने सॉकेटच्या तारा अशा जोडल्या की दोन साधे सेलेरॉन काही कापाकापी न करता शेजारी बसले. जगभरच्या हौशी लोकांनी ३६६ मेगाहर्ट्‌झचे दोन घेतले, ५५० पर्यंत ताणले आणि सर्व्हरची चैन घरात केली. पण विंडोज ९८ लावलं तर दुसरा सेलेरॉन नुसता शेजारी बसून राहायचा, कारण विंडोज ९८ ला एकाहून जास्त प्रोसेसर कळतच नाहीत. उतारा कितीही नीट लिहा, वाचणाराच निरक्षर! त्यासाठी एनटी, विंडोज २००० किंवा लिनक्स हवं.

तर ठेवायचं काय? १.४. लिनक्स असो, विंडोज २००० असो, एक्सपी असो, १.४. फक्त एनटीच्या जुन्या आवृत्त्या किंवा १९९५ च्या आधीची दुसरी एखादी मल्टिप्रोसेसर प्रणाली संग्रहासाठी चालवत असाल आणि ती सुरू होताना अडत असेल, तर १.१ करून बघा. दोन्हीतलं काहीही केल्याने काही बिघडणार नाही, परत बदलता येतं.

शेजारच्या दोन ओळींबद्दल मात्र हे म्हणता येत नाही. ‘एपिक मोड’ किंवा ‘एसीपीआय फंक्शन’ या सेटिंगा विंडोज २००० किंवा एक्सपी आधीच बसवलेलं असताना बदलू नका. ते विंडोज इन्स्टॉल होताना त्या क्षणी दिसलेल्या हार्डवेअरप्रमाणे एक हॅल निवडतं आणि आयुष्यभर त्यालाच धरून बसतं. खालून जमीन बदलली की विंडोज कोसळल्याचा निळा पडदा येतो, किंवा विंडोज बूट होताहोताच अडकतं. इन्स्टॉल करताना एफ-६ दाबायला सांगणारी ओळ येते तेव्हा एफ-५ दाबलं तर हॅल हाताने निवडायची यादी उघडते; ही युक्ती तेव्हाच्या दुरुस्तीवाल्यांना पाठ असायची.

हा उतारा आज पूर्ण मेला आहे असंही नाही. आभासी मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला नकली संगणक) बनवणाऱ्यांना तो अजून सोयीचा पडतो, कारण एसीपीआय पूर्ण लिहिणं हे मोठं बाड आणि एमपीएस म्हणजे जेमतेम काही शे बाइट. क्यूएमयू या आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर येणारं सीबायोस नावाचं बायोस आतल्या पाहुण्या प्रणालीसाठी असा तक्ता तयार करतं. अ‍ॅमेझॉनने २०१८ मध्ये खुलं केलेलं फायरक्रॅकर, ज्यात छोटी आभासी मशीन क्षणात उभी राहतात, त्यानेही सुरुवातीची अनेक वर्षं लिनक्सला ‘तुला इतके प्रोसेसर दिले आहेत’ हे याच १९९४ च्या नमुन्यात सांगितलं.

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, तो वाचणारा भागही अजून आहे, आणि वाचण्यासारखा आहे. आवृत्तीचा बाइट १ आहे किंवा ४ आहे एवढं तो तपासतो. यातलं काहीही चालतं. पुढे तो मूळ पाच प्रकार वाचतो आणि थांबतो. १२८, १२९, १३० ही १.४ ची सगळी शेपूट तो बघतच नाही. पाचांपलीकडचा प्रकार मूळ तक्त्यातच सापडला तर तो चिडून लिहितो की तुमचा तक्ता चुकीचा आहे, हार्डवेअर विकणाऱ्याला गाठा.

हे माहीत असूनही मी माळ्यावरच्या मशीनवर प्रयोग करायचाच ठरवला. जुन्या ३२ बिट लिनक्सची सीडी घातली, बायोसमध्ये १.१ ठेवलं आणि बूट करताना एसीपीआय बंद करायला सांगितलं. हे न सांगितलं तर लिनक्सही एमपी तक्ता सापडल्याची नोंद करून पुढे निघून जातं, उघडून बघत नाही. मग बूट होतानाचे संदेश दाखवणारी ‘डीमेसेज’ आज्ञा दिली आणि सरकवत वर गेलो. तिथे ओळ होती : इंटेल मल्टिप्रोसेसर स्पेसिफिकेशन व्ही१.१.

मशीन बंद केलं, डिलीट दाबत पुन्हा बायोसमध्ये गेलो, १.४ केलं, एफ-१० दाबून सेव्ह केलं आणि तसंच पुन्हा बूट केलं. सीडी बराच वेळ फिरली. ओळ आली : व्ही१.४. बाकी सगळा मजकूर मी खालपर्यंत ताडून पाहिला, प्रोसेसर एक, आयओ-एपिक एक, तारा चोवीस, सगळं जसंच्या तसं.